रंग न काढता अ‍ॅल्युमिनियमची एडी करंट तपासणी: प्रकल्प नोंदी

८ एप्रिल २०२४

कामाची व्याप्ती ठरली. एडी करंट म्हणजे प्रोबमधल्या कॉइलच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्राने धातूत फिरवलेले विद्युतप्रवाह; त्यांच्यातला बदल प्रोब टिपतो. मोडीत निघालेल्या विमानांचे रंगवलेले सहा भाग टेबलावर आहेत. रंग न खरवडता त्यांच्याबद्दल तीन गोष्टी सांगता आल्या पाहिजेत. रंगाचा थर किती जाड आहे? खालच्या मिश्रधातूचं टेम्पर (उष्णता-प्रक्रियेची अवस्था) कागदावर लिहिलंय तेच आहे का? पृष्ठभागावर तडा आहे का?

रंग जागेवर ठेवण्यामागे ठोस कारणं आहेत. जुन्या प्रायमरमध्ये क्रोमेट असतं आणि ते घासलं की धूळ फुप्फुसात जाते. रसायनाने रंग काढला तर ते रसायन सांध्यात शिरून बसतं. सँडिंग केलं तर मऊ अ‍ॅल्युमिनियम तड्याच्या तोंडावर लिंपलं जातं, आणि जो तडा शोधायचा तोच बुजतो. क्लॅड (वर शुद्ध धातूचा पातळ थर चढवलेल्या) पत्र्यावर तर सँडिंगमध्ये गंजरोधक थरच निघून जातो.

२०२४ आणि ७०७५ हे मिश्रधातूंचे क्रमांक; टी३, टी६, टी७३ ही टेम्परं. भाग १ आणि २ म्हणजे २०२४-टी३ क्लॅड पत्रे, जाडी १.२७ मिमी, रिव्हेटच्या ओळींसकट. भाग ३ हा ७०७५-टी६ चा ४ मिमी जाड अँगल. भाग ४ हे ७०७५-टी७३ चं १२ मिमी जाड फिटिंग. भाग ५ हा ७०७५-टी६ चा बिनक्लॅड पत्रा, ०.८ मिमी. भाग ६ ही ७०७५-टी६ ची ५ मिमी पट्टी, आधीच्या रंगावरच पुन्हा रंगवलेली.

उपकरणं तीन: रंगाच्या जाडीचा एडी करंट गेज (फ्रीक्वेन्सी १ मेगाहर्ट्झच्या आसपास), ६० आणि ४८० किलोहर्ट्झवर चालणारा कंडक्टिव्हिटी (विद्युतवाहकता) मीटर, आणि इम्पिडन्स प्लेन (कॉइलच्या विद्युत अवरोधातला बदल पडद्यावर बिंदूने) दाखवणारा फ्लॉ डिटेक्टर, म्हणजे तडाशोधक. डिटेक्टरला ३ मिमी व्यासाचा शील्डेड पेन्सिल प्रोब.

कामाचा क्रम आजच पक्का केला: आधी जाडी, मग कंडक्टिव्हिटी, शेवटी तडा. रंग एडी करंटला अडवत नाही, पण प्रोबला धातूपासून लांब धरतो. हा लिफ्ट-ऑफ किती आहे ते माहीत नसेल तर पुढच्या दोन्ही आकड्यांना आधार उरत नाही.

१० एप्रिल

पॉलिएस्टर फॉइल आणली: २५, ५०, १२५ आणि २५० मायक्रॉन. प्रत्येक फॉइल मायक्रोमीटरने पाच ठिकाणी मोजली. ५० छापलेली फॉइल ४७ भरली. गेज लावताना छापील नाही, मोजलेला आकडाच घालायचा. दोनपेक्षा जास्त फॉइल एकावर एक ठेवायच्या नाहीत. मधे हवा अडकते आणि प्रत्येक फटीचे दोन-चार मायक्रॉन वाढतात.

गेजचा शून्य त्याच्यासोबत आलेल्या शुद्ध अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीवर लावला आणि प्रोब ७०७५ च्या उघड्या, बिनरंगी तुकड्यावर टेकवला. रीडिंग ८ मायक्रॉन. तिथे रंग अजिबात नाही. कारण साधं आहे: ७०७५-टी६ ची कंडक्टिव्हिटी ३३ टक्के आयएसीएसच्या (वाहकतेचं माप, तांब्याला १०० धरून) आसपास, तर शुद्ध अ‍ॅल्युमिनियमची ६० च्या आसपास. कमी वाहक धातूत एडी करंट दुबळे पडतात, आणि गेजला वाटतं की धातू लांब आहे. २० मायक्रॉनच्या प्रायमरवर ८ मायक्रॉनची चूक म्हणजे ४० टक्के.

म्हणून शून्य आणि फॉइलचे बिंदू त्याच मिश्रधातूच्या, त्याच टेम्परच्या, उघड्या तुकड्यावर लावायचे. क्लॅड २०२४ साठी क्लॅडचाच तुकडा हवा, कारण १ मेगाहर्ट्झला गेजला मुख्यतः वरचा शुद्ध थर दिसतो. आयएसओ २३६० या मानकात मूळ धातूचा हा परिणाम सांगितलेला आहेच, पण प्रत्यक्षात बहुतेक जण डब्यातली चकती वापरून मोकळे होतात.

मूळ धातूची किमान जाडी तपासली. आत शिरण्याची प्रमाण खोली मिमीमध्ये काढायची तर फ्रीक्वेन्सी (हर्ट्झ) गुणिले आयएसीएस टक्के, त्याचं वर्गमूळ, आणि ६६१ ला त्याने भागायचं. अचुंबकीय धातूला हे सूत्र चालतं. १ मेगाहर्ट्झ आणि ३३ टक्क्यांना ०.११५ मिमी. त्याच्या अडीच पट ०.२९ मिमी. आपला सर्वांत पातळ पत्रा ०.८ मिमीचा, त्यामुळे जाडीच्या मापाला अडचण नाही.

१२ एप्रिल

जाडीची मापं. प्रत्येक भागावर ५० मिमीची जाळी आखली, प्रत्येक बिंदूवर तीन रीडिंग घेऊन मधलं धरलं. भाग १, २, ३ आणि ५ वर ७० ते ११० मायक्रॉन. भाग ४ वर ९० च्या आसपास. भाग ६ वर २६० ते ३१० आणि एका पट्ट्यात ३४०.

काठापासून ५ मिमीच्या आत रीडिंग फुगतं, कारण कॉइलचं क्षेत्र पत्र्याबाहेर सांडतं आणि गेज त्याला जादा जाडी समजतो. अँगलच्या बाहेरच्या वळणावरही तसंच होतं. वळणासाठी त्याच त्रिज्येच्या उघड्या अँगलवर वेगळा शून्य लावला. मग सपाट भागाशी मेळ बसला.

भाग ५ वरचा टच-अप रंग अजून पुरता वाळलेला नाही. प्रोबचं टोक स्प्रिंगच्या जोराने त्यात रुततं आणि जाडी कमी दाखवतं. उपाय: रंगावर ४७ मायक्रॉनची फॉइल ठेवून मोजायचं आणि ४७ वजा करायचे. फॉइलशिवाय ७१ आलं, फॉइलसह वजा करून ८३. नोंदीत ८३ घेतलं.

१६ एप्रिल

कंडक्टिव्हिटी मीटर. मोजमाप आयएसीएस टक्क्यांत: १०० टक्के म्हणजे २० अंश सेल्सिअसला ५८ मेगासीमेन्स प्रति मीटर, हे प्रमाण १९१३ मध्ये तांब्यावरून ठरलं. प्रमाणित तुकडे तीन: २९, ४२ आणि ५९ च्या जवळचे. मीटर दोन टोकांवर लावला आणि मधल्यावर तपासला, ०.३ चा फरक, चालेल.

मग खरा प्रश्न: रंगामुळे आकडा किती हलतो? ७०७५-टी६ च्या ५ मिमी उघड्या तुकड्यावर ६० किलोहर्ट्झला फॉइल वाढवत गेलो. फॉइलशिवाय ३२.८. ७५ मायक्रॉनला ३२.८. १५० ला ३२.७. २५० ला ३२.४. ३७५ ला ३१.९. ५०० ला ३१.०. मीटरच्या आत लिफ्ट-ऑफची भरपाई असते, पण ती एका मर्यादेपर्यंतच. ती मर्यादा माहितीपत्रकावरून घ्यायची नाही, आपल्या प्रोबवर फॉइलने काढायची. प्रोबचा तळ झिजला की तीही बदलते.

आपली मर्यादा २५० मायक्रॉन ठरवली, तिथपर्यंत घट ०.५ च्या आत राहते. म्हणजे भाग ६ या मर्यादेबाहेर गेला. त्याच्यासाठी प्रमाणित तुकड्यांवरही ३०० मायक्रॉनची फॉइल ठेवून मीटर पुन्हा लावायचा, आणि फक्त २८० ते ३२० जाडीच्या बिंदूंवरच मोजायचं.

१९ एप्रिल

आजची चूक नीट लिहून ठेवायला हवी, कारण ती उन्हाळ्यात कुठेही होऊ शकते.

फिटिंग (भाग ४) सकाळपासून बाहेरच्या शेडमध्ये होतं. आत आणून लगेच मोजलं तर ३७.४. ७०७५-टी७३ ला किमान ३८ हवं. त्याच्या खाली गेलं की ओव्हर-एजिंग (जास्त वेळ तापवून मुरवणं) अपुरं राहिलं असा अर्थ निघतो, आणि ताण-गंजामुळे तडा जाण्याला टी७३ चा जो विरोध असतो त्याची खात्री देता येत नाही. रिजेक्टचा शेरा लिहिण्याआधी संपर्क थर्मामीटर लावला: फिटिंग ४१ अंश, प्रमाणित तुकडे २७ अंश.

अ‍ॅल्युमिनियम तापलं की रोध वाढतो. ३८-३९ टक्क्यांच्या मिश्रधातूत दर अंशाला सुमारे ०.१ टक्का आयएसीएस घटतो. ७०७५-टी६ मध्ये ही घट सुमारे ०.०७, कारण तिथे मिश्रणद्रव्यांमुळे मूळ रोधच जास्त असतो आणि तापमानाचा वाटा तुलनेने लहान पडतो. १४ अंशांचा फरक म्हणजे १.४. फिटिंग, प्रोब आणि प्रमाणित तुकडे एकाच टेबलावर दोन तास ठेवले. पुन्हा रीडिंग: ३८.८. पास.

उलटी चूक जास्त घातक आहे. एसीच्या खोलीतला थंड भाग आणि बाहेर तापलेले प्रमाणित तुकडे असतील तर नापास व्हायला हवा तो भाग पास होतो, आणि पास झालेल्या भागाकडे पुन्हा कोणी बघत नाही. नियम: तिन्हींच्या तापमानात ३ अंशांहून जास्त फरक असेल तर मोजायचंच नाही. गणिताने दुरुस्ती करूनही चालणार नाही, कारण जाड भागाचा पृष्ठभाग आणि गाभा एकाच तापमानाला असेलच असं नाही.

एक मर्यादाही इथेच नोंदवतो. कंडक्टिव्हिटीचा आकडा एकटा टेम्पर सिद्ध करत नाही. वेगवेगळ्या टेम्परला तोच आकडा येऊ शकतो. शंका असेल तर त्या जागी कठीणपणा मोजावा लागतो, आणि त्यासाठी तेवढ्या बिंदूवरचा रंग काढावाच लागतो.

२३ एप्रिल

भाग ५, ०.८ मिमी. ६० किलोहर्ट्झला ३३ टक्क्यांसाठी प्रमाण खोली ०.४७ मिमी. मापनावर पत्र्याच्या जाडीचा परिणाम नको असेल तर जाडी खोलीच्या निदान २.६ पट हवी, म्हणजे १.२२ मिमी. ०.८ मिमीचा पत्रा त्यात बसत नाही. पत्र्याच्या मागे लाकूड ठेवून आणि अ‍ॅल्युमिनियम ठेवून वेगवेगळं रीडिंग आलं, म्हणजे करंट पत्र्याच्या आरपार जात होते. ४८० किलोहर्ट्झला खोली ०.१७ मिमी, २.६ पट ०.४३. तिथे मागे काहीही ठेवलं तरी आकडा ३२.६ वर स्थिर. पातळ पत्र्याला हीच चाचणी करावी: मागे आधी लाकूड, मग धातू. आकडा हलला तर फ्रीक्वेन्सी कमी आहे.

क्लॅड पत्र्याला मात्र नेमकं उलट लागतं. १.२७ मिमी जाडीच्या २०२४ क्लॅडमध्ये दोन्ही बाजूंना जाडीच्या ५ टक्के, म्हणजे ०.०६४ मिमी, जवळपास शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा थर असतो. हा थरसुद्धा कोटिंगच, फक्त वाहक, आणि रंगाच्या उलट वागतो: रंग आकडा खाली ओढतो, क्लॅड वर. भाग १ वर ६० किलोहर्ट्झला ३६ आलं, ४८० ला ४४. क्लॅड नसलेल्या २०२४-टी३ चं रीडिंग २८.५ ते ३२ मध्ये यायला हवं. फ्रीक्वेन्सी वाढवली की करंट वरच्या थरातच साचतात, म्हणून ४८० चा आकडा जास्त फसवा. आणि ३६-३८ हा आकडा वाचून कोणी म्हणेल की पत्रा आगीत तापून टी८१ या तापवून आणलेल्या टेम्परकडे सरकलाय, कारण टी८१ ची कंडक्टिव्हिटी तिथेच असते.

खात्रीसाठी भाग २ च्या कापायच्या कोपऱ्यात २० मिमीचा चौकोन निवडून एका बाजूचा क्लॅड थर घासून काढला. ६० किलोहर्ट्झला ३०.२. गाभा टी३ च आहे. यापुढे क्लॅडसाठी फक्त ६० किलोहर्ट्झ, आणि आकडा तक्त्याशी नाही, तर त्याच जाडीच्या माहीत असलेल्या क्लॅड तुकड्याशी पडताळायचा.

२९ एप्रिल

तड्याची तपासणी. नमुना ठोकळा ७०७५-टी६ चा, त्यात ०.२, ०.५ आणि १.० मिमी खोल खाचा, रुंदी ०.१ मिमीच्या आसपास. फ्रीक्वेन्सी ३०० किलोहर्ट्झ, खोली ०.२१ मिमी. यापेक्षा फार वर गेलं की खरबडीत पृष्ठभागाचा गोंगाट वाढतो, फार खाली गेलं की लहान तड्याचा सिग्नल लिफ्ट-ऑफच्या दिशेकडे झुकतो.

प्रोबच्या टोकाला पीटीएफई (टेफ्लॉन) टेप, ०.०८ मिमी. ही टेप म्हणजेच पहिला लिफ्ट-ऑफ. ती झिजली की सगळं सेटिंग हलतं, म्हणून टेप बदलली की पुन्हा कॅलिब्रेशन.

क्रम असा: खाचेपासून लांब प्रोब टेकवून बॅलन्स (बिंदू मूळ जागी आणणं), प्रोब किंचित उचलून बिंदू कुठे जातो ते पाहायचं, फेज (सिग्नलचा कोन) फिरवून ती रेषा आडवी डावीकडे आणायची, मग ०.५ च्या खाचेवरून नेऊन उभा गेन (सिग्नल किती मोठा करून दाखवायचा) असा ठेवायचा की सिग्नल पडद्यावर ४ चौकटी उंच यावा. आडवा गेन उभ्यापेक्षा ६ डेसिबल कमी, म्हणजे प्रोब डगमगला तरी बिंदू पडद्याबाहेर जात नाही.

२ मे

फॉइल लावून ०.५ च्या खाचेची उंची: उघड्यावर ४.०, ५० मायक्रॉनला ३.५, १०० ला ३.०, २०० ला २.२, ३०० ला १.६. दर १०० मायक्रॉनला सुमारे अडीच डेसिबल. मोठ्या कॉइलला ही घट हळू होते, पण मोठी कॉइल लहान तडा सरासरीत बुडवते.

०.२ ची खाच उघड्यावर १.८ आणि ३०० ला ०.७. प्रोब हाताने फिरवताना डगमगण्याचा गोंगाट ०.५ च्या आसपास. गेन वाढवला तर दोन्ही वाढतात, काही हाती लागत नाही. म्हणून अहवालात स्पष्ट लिहायचं: २०० मायक्रॉनपर्यंत ०.२ मिमी खोलीचा दावा, २०० ते ३०० मध्ये फक्त ०.५ मिमीचा, ३०० च्या वर कोणताच दावा नाही. भाग ६ चा ३४० चा पट्टा रंग काढूनच तपासायचा.

गेनची भरपाई: १०० ला अडीच, २०० ला ५, ३०० ला साडेसात ते ८ डेसिबल. पण नुसता गेन वाढवून भागत नाही. लिफ्ट-ऑफची रेषा सरळ नसते, ती वाकते. उघड्या ठोकळ्यावर आडवी केलेली रेषा ३०० च्या फॉइलवर १० अंशांच्या आसपास तिरकी झाली, आणि प्रोबचा साधा डगमगही उभा दिसायला लागला. म्हणून फॉइल ठोकळ्यावर ठेवून बॅलन्स, फेज आणि गेन तिन्ही पुन्हा लावायचे, त्या त्या भागाच्या मोजलेल्या जाडीला. १२ एप्रिलचा जाडीचा नकाशा इथे कामाला आला.

७ मे

रिव्हेटच्या ओळी, भाग १ आणि २. इथेच सर्वांत काळजी हवी. २८ एप्रिल १९८८ ला हवाईत हिलोहून होनोलुलूला जाणाऱ्या बोइंग ७३७ च्या छताचा सुमारे साडेपाच मीटरचा भाग हवेत उडून गेला. मूळ होतं लॅप जॉइंटमधल्या (एका पत्र्यावर दुसरा चढवलेल्या सांध्यातल्या) रिव्हेटच्या भोकांपासून निघालेल्या, एकमेकांना जोडत गेलेल्या लहान थकवा-तड्यांत. एकेक तडा लहान होता, ओळ लहान नव्हती. त्यामुळे एका भोकाशी तडा दिसला की ती पूर्ण ओळ आणि शेजारची ओळ तपासायची.

रिव्हेटच्या डोक्याभोवती प्रोब समान अंतरावर फिरायला हवा. प्लॅस्टिकची गोल पट्टी (टेम्प्लेट) डोक्याच्या केंद्रावर बसवून प्रोब तिच्या कडेने फिरवला. केंद्र अर्धा मिमी सरकलं तरी एका बाजूला भोकाच्या कडेचा सिग्नल येतो. तो हळू चढतो, हळू उतरतो. तडा झटकन उभा जातो आणि तितक्याच झटकन परततो. हा फरक वेगावरही अवलंबून आहे, म्हणून प्रोब सेकंदाला २५ मिमीच्या आसपास ठेवायचा, ठोकळ्यावर होता तेवढाच. रंगाखाली रिव्हेटचं डोकं दिसत नसेल तर आधी प्रोब आडवातिडवा नेऊन त्याचा मध्य काढून पेन्सिलने खूण करायची.

भाग २ वर एक फास्टनर स्टीलचा निघाला. त्याचा सिग्नल उलट्या दिशेला आणि प्रचंड. त्याच्या कडेपासून ३ मिमीच्या आत या प्रोबने काही सांगता येत नाही, तसं नोंदवलं.

९ मे

रंगवलेल्या स्टीलच्या ब्रॅकेटसाठी हेच सेटिंग चालेल का, अशी विचारणा आली. नाही. स्टीलमध्ये पर्मिअ‍ॅबिलिटी (चुंबकीय क्षेत्र आत घेण्याची क्षमता) जागोजाग बदलते आणि तो गोंगाट पेन्सिल प्रोबवर तड्याएवढाच दिसतो. त्याला डिफरन्शियल (दोन कॉइलमधला फरक मोजणारा) वेल्ड प्रोब आणि स्टीलचाच खाचांचा ठोकळा हवा.

१३ मे

एकूण चार संकेत मिळाले. चारही जागी १५ मिमी चौकोनातला रंग रसायनाने मऊ करून प्लॅस्टिकच्या पट्टीने काढला, घासकाम नाही. मग फ्लूरोसंट पेनिट्रंट (तड्यात शिरून अतिनील प्रकाशात चमकणारा द्रव), १० पट भिंग.

भाग १, ओळ २, सातवा रिव्हेट: ३ मिमी लांबीचा खरा तडा, भोकापासून पुढच्या रिव्हेटकडे निघालेला. एडी करंटवर उंची २.६ चौकटी होती. रंगावर तड्याची खूण नव्हती, रंग त्याच्यावर अखंड होता. ओळीतले उरलेले रिव्हेट पुन्हा तपासले, काही नाही.

भाग ३: रंग भरलेला ओरखडा. सिग्नल तिरका होता, आडवा जास्त आणि उभा कमी, १.१ चौकटी. असा तिरका सिग्नल म्हणजे उथळ आणि रुंद खळगा असण्याची शक्यता जास्त, पण नुसत्या कोनावरून सोडून द्यायचा नाही.

भाग ५: काहीच नाही. पेनिट्रंट स्वच्छ, भिंगाखाली स्वच्छ. रंगाच्या काढलेल्या तुकड्यात लोखंडाचा कण सापडला, संकेत त्याचाच असावा. रंगवण्याआधी हा पत्रा स्टीलच्या ब्रशने घासला असावा. पुन्हा रंगवायच्या आधी अ‍ॅल्युमिनियमवर स्टील ब्रश किंवा स्टील वूल वापरूच नये: तपासणी फसते आणि त्या कणाभोवती गंजही सुरू होतो.

भाग ६: रंगाला तडा, धातूला नाही. संकेत आला कारण रंगाच्या सुटलेल्या कडेवर प्रोब अडखळून तिरका झाला. रंगाची सुटलेली कड आधी टेपने उचलून मगच स्कॅन करायला हवं होतं.

१७ मे

कार्यपद्धतीचा मसुदा पूर्ण. शेवटची सेटिंग: ३०० किलोहर्ट्झ, ३ मिमी शील्डेड पेन्सिल प्रोब, ओळींमधलं अंतर दीड मिमी (प्रोबचा अर्धा व्यास), संकेताची सीमा ०.२ च्या खाचेच्या उंचीपेक्षा कमी, जाडीप्रमाणे फॉइल लावून. कॅलिब्रेशन सुरुवातीला, दर ३० मिनिटांनी, प्रोब, केबल किंवा टेप बदलल्यावर आणि शेवटी. खाचेची उंची १० टक्क्यांहून जास्त हलली असेल तर मागच्या बरोबर कॅलिब्रेशननंतरचं सगळं स्कॅन पुन्हा. काल हे एकदा घडलं: टेप एका बाजूने झिजून भोक पडलं होतं, ०.५ ची खाच ४.० वरून ४.७ वर गेली. २२ मिनिटांचं काम परत केलं.

भाग ४ च्या फिटिंगचं आतलं वळण, त्रिज्या ४ मिमी, तपासलेलं नाही. सरळ टोकाचा प्रोब तिथे दोन बिंदूंवर टेकतो आणि मधे हवा राहते; ०.५ ची खाच असलेला त्याच त्रिज्येचा नमुनाही नाही. नकाशावर ती जागा तिरप्या रेघांनी भरून ‘तपासणी नाही’ असं लिहिलं आहे. ४ मिमी त्रिज्येचा बूट असलेला प्रोब आणि वळणदार नमुना मागवला आहे.